ऋषीच्या भाजीत काय नसतं

हरतालिकेच्या दिवशी सकाळी पावणेसातच्या सुमाराला मी भांडुपहून दादरला उतरते आणि थेट पश्चिमेला केशवसुत पुलाखाली जाते. फुलं, दुर्वा, केवडा, शमी, सुपाऱ्या सगळं नंतर, आधी ऋषीची भाजी. कारण आठ वाजले की गर्दी एवढी होते की टोपलीपर्यंत हात पोचत नाही आणि चांगली अळूची देठं संपलेली असतात. वसई-सफाळ्याकडून पहिल्या गाड्यांनी आलेल्या बायका गोणपाट अंथरून वाटे मांडून बसलेल्या असतात आणि एकेका वाट्यात काय काय असतं ते बघण्यासारखं असतं. अळूची चार-पाच पानं देठांसकट, लाल माठाची बोटभर जाड देठं, पडवळाचा तुकडा, अर्धं शिराळं, चार भेंड्या, लाल भोपळ्याची फोड, मातीसकट सुरणाचा तुकडा, अर्धं मक्याचं कणीस, चवळीच्या शेंगा, आंबट चुक्याची छोटी जुडी, तीन अंबाडे. गेल्या वर्षी एका वाट्याचे शंभर रुपये दिले मी, दोन घेतले.

ज्या मावशींकडून घेते त्या सफाळ्याच्या. बारा वर्षं झाली त्यांच्याकडूनच घेतेय. त्या वाटा पिशवीत टाकताना एकेक भाजी मला दाखवून टाकतात, आणि मी मनातल्या मनात आजीची यादी म्हणत असते, आणि काही राहिलं असं वाटलं की मी काही बोलायच्या आत त्याच म्हणतात, "ताई, अंबाडा टाकलाय हा, नायतर घसा धरंल."

ही भाजी ज्यांच्या घरी होत नाही त्यांच्यासाठी सांगते. गणपती बसतो चतुर्थीला, त्याच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. कश्यप, अत्री, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी, वसिष्ठ हे सप्तर्षी आणि सोबत अरुंधती, यांची पूजा. सकाळी आघाड्याच्या काडीने दात घासायचे, आंघोळ, पूजा, आणि मग ही एक भाजी. हे व्रत मुख्यतः वयस्कर बायकांचं, पण भाजी मात्र सगळ्या घराची. आणि तिचा नियम एकच, बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही.

लहानपणी मला हा नियम म्हणजे भाज्यांची यादी वाटायची. हे हे घालायचं, बस. पण आजी कधीच तसं सांगायची नाही, ती सांगायची काय घालायचं *नाही* ते. नांगर फिरला त्या शेतातलं नाही, म्हणजे भात नाही, गहू नाही, डाळी नाहीत. मोहरी-जिरं शेतातलं, म्हणून फोडणी नाही. तेल नाही, कारण तेलाचा घाणा बैलच ओढायचा, डोळ्यांवर झापड बांधून दिवसभर गोल गोल. गूळ नाही, कारण उसाचा चरकही बैलच ओढायचा. एवढं सगळं काढून टाकल्यावर मग राहतं काय, तर जे परसात आपसूक उगवतं, जे मांडवावर चढतं, जे हाताने खणून निघतं आणि जे झाडावरून पडतं. अळू, माठ, पडवळ, शिराळं, भोपळा, सुरण, अंबाडा, नारळ. भाताऐवजी वरीचे तांदूळ, कारण वरी डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत होते, तिथे नांगर चालत नाही, कुदळीनं खणतात. आजीच्या लहानपणी गावी कोणाकडे तरी देवभात असायचा म्हणे, पाणथळ जागी आपणहून उगवणारा, तो मूठभर मिळाला तर फार भाग्याचं.

मला हे कळायला तिशी उलटावी लागली. पदार्थ म्हणजे कोणीतरी काहीतरी सुचून केलेला असतो असं मला वाटायचं. पण आपल्या सणांचे निम्मे पदार्थ कोणाला सुचलेले नाहीतच, ते एका "नाही" मधून निघालेत. हे चालत नाही, ते चालत नाही, मग आज घरातल्या माणसांना काय वाढू, असा विचार करत चुलीसमोर बसलेल्या बाईने ते काढलेत.

नागपंचमीचंच बघा. त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. पावसात बिळात पाणी शिरतं, साप बाहेर येतात, शेतकरी त्या दिवशी नांगर धरत नाही, जमीन खणत नाही, आणि शेतातला तो नियम घरात शिरला की विळी आणि तवा दोन्ही बंद. आता विळी-तव्याशिवाय स्वैपाक करायचा म्हणजे उरतं फक्त उकडणं. आमच्याकडे, म्हणजे माहेरी, रत्नागिरीकडची माणसं आम्ही, तर त्या दिवशी पातोळ्या. तांदळाचं पीठ हळदीच्या पानावर थापायचं, मध्ये गूळ-खोबरं, पान दुमडायचं, वाफवायचं. लग्नानंतर पहिल्या नागपंचमीला मी सासूबाईंना विचारलं हळदीची पानं आणू का, तर त्यांना कळेचना कशाला. सासर साताऱ्याकडचं. त्यांनी केली पुरणाची दिंडं. कणकेची पारी, आत पुरण, चारी बाजूंनी घडी घालून चौकोनी पुडकं, आणि चाळणीत ठेवून वाफवायचं, वर तूप. मी बघत राहिले. नियम एकच, पण एकीकडे भात पिकतो आणि नारळ पडतो तर तिकडे गहू आणि हरभरा, म्हणून दोन वेगळे पदार्थ. आमच्या घरी आता दोन्ही होतात आणि माझी मुलगी दिंडं जास्त खाते, याचं माझ्या आईला थोडं वाईट वाटतं.

आणि पातोळ्यांचं अजून एक. ऑफिसमध्ये माझी एक मैत्रीण आहे, मूळची गोव्याची, माहीमला राहते, ख्रिश्चन. त्यांच्याकडे पंधरा ऑगस्टला मारिया मातेच्या सणाला पातोळ्या होतातच. त्या दिवसांत हळदीची पानं घेऊन बसलेल्या बाईच्या एकाच टोपलीतून थोडी पानं नागाला जातात आणि थोडी मेरीला. हा विचार मनात आला की मला खूप बरं वाटतं, का ते नीट सांगता येणार नाही.

उपासाचं तर मी लेकीला कितीदा सांगितलंय. हरतालिकेला बाजारात उभी असते तेव्हा माझा उपास असतो आणि शेजारी उपासाचं सामान विकणारा असतो, त्याच्याकडे साबुदाणा, वरी, राजगिरा, शेंगदाणे, शिंगाड्याचं पीठ. आता यातलं आपल्या मातीतलं किती? वरी आहे, शिंगाडा आहे. साबुदाणा ज्या टॅपिओकाच्या कंदापासून करतात तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आज तामिळनाडूत सेलमच्या आसपासच्या कारखान्यांत तो कंद किसून, सत्त्व काढून, त्याचे मणी वळून भाजतात. शेंगदाणा तिकडचाच. बटाटा तिकडचा, आणि त्याचं नावही आपण पोर्तुगीजांकडून जसंच्या तसं घेतलंय. मिरची तिकडची, रताळं तिकडचं, राजगिरासुद्धा तिकडचा. म्हणजे साबुदाण्याच्या खिचडीत तूप-जिरं, नारळ आणि मीठ सोडलं तर बाकी सगळं समुद्र ओलांडून आलेलं आहे, आणि चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या कुठल्याही पणजीने आषाढीला ही खिचडी खाल्ली असणं शक्य नाही.

मग ते उपासाला चाललं कसं? मला वाटतं याचं उत्तर पण त्या "नाही" मध्येच आहे. उपासाला धान्य चालत नाही असा नियम, आणि नियम ठरला तेव्हा जी धान्यं माहीत होती ती यादीत गेली. बटाटा आला तेव्हा तो यादीत नव्हता. तो धान्य नाही, कंद आहे, सुरणासारखा जमिनीखाली होतो, मग चालेल. कुठल्यातरी घरात एका बाईने हा निर्णय घेतला असणार, शेजारणीने विचारलं असणार, तुम्ही घातला का हो, आणि हळूहळू सगळ्यांनी घातला. कोणत्याही शास्त्रीबुवांनी बसून ठरवलं असेल असं मला अजिबात वाटत नाही. हे स्वैपाकघरातून झालेलं काम आहे.

ऋषीच्या भाजीतही हेच. ही भाजी सगळ्यात जुनी, रानातली, ऋषींची म्हणतो आपण, पण त्यात मका आहे, लाल भोपळा आहे, मिरची आहे, आणि ही तिन्ही अमेरिकेतली. त्याच वसईच्या पट्ट्यात, जिथून आजही ही भाजी दादरला येते, तिथे १५३४ पासून दोनशे वर्षं पोर्तुगीज होते, १७३९ ला चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला तोपर्यंत. तेवढ्या काळात काय काय परसात रुजलं असेल. पेरू, पपई, अननस, काजू. यातलं काहीच उपरं वाटत नाही आता, आणि वाटूही नये. सुरण आणि अळू यांनी नव्या पाहुण्यांना पातेल्यात जागा करून दिली, एवढंच.

मोदकाचं नशीब वेगळं. तो राजाच्या ग्रंथात जाऊन बसला, बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने जो मानसोल्लास लिहिला त्यात तांदळाच्या पिठीचे, आत गोड सारण भरलेले मोदक आहेत, आणि गारांसारखे दिसतात म्हणून त्यांना वर्षोपलगोलक म्हटलंय. चतुर्थीला उकड मळताना मला हा शब्द दरवर्षी आठवतो. पण दुसऱ्या दिवशीची भाजी मात्र आमच्या घरी तरी कुठेच लिहिलेली नाही, आजीच्या तोंडून आईकडे आणि आईच्या हाताकडे बघून माझ्याकडे.

तर ती करायची कशी. आई आता बहात्तर वर्षांची आहे आणि माझ्याकडेच असते, पण ऋषीची भाजी ती सुरीने चिरू देत नाही, विळीच लागते. विळी माळ्यावरून काढून आदल्या रात्री धुऊन ठेवलेली असते. आधी हाताला चिंचेचं पाणी चोळायचं, मग अळूला हात. अळूच्या देठाची वरची पातळ साल टोकाला नखाने उचलून खाली ओढली की ओल्या फितीसारखी सरसर निघत जाते, ती पूर्ण निघाली पाहिजे, तुटली की परत दुसऱ्या बाजूने धरायची. माठाची देठं मात्र सोलायची नाहीत फार, दोऱ्या तेवढ्या काढायच्या, कारण ती चोखून खायची असतात. मक्याच्या कणसाचे दोन बोटं जाडीचे गोल तुकडे करायचे, आणि इथे आईची मनगटाची ताकद आता कमी पडते, विळीवर कणीस अडतं, म्हणून ते काम माझं.

पातेल्यात पाणी, त्यात सुरण, मका आणि ओले शेंगदाणे आधी, कारण ते हट्टी. मग माठाची आणि अळूची देठं, ठेचलेले अंबाडे. मग भोपळा, पडवळ, शिराळं, भेंडी, चवळीच्या शेंगा. सगळ्यात शेवटी पानं आणि चुका, दोन-तीन मिरच्या मोडून, मीठ. झाकण ठेवायचं आणि ढवळाढवळ करायची नाही. शिराळ्याला आणि भोपळ्याला पाणी सुटतं, अळू विरघळून सगळ्याला धरून ठेवतं, आणि वीसेक मिनिटांनी झाकण काढलं की एक वास येतो जो मला दुसऱ्या कुठल्याच भाजीला आलेला आठवत नाही, पावसात भिजलेल्या परसासारखा, हिरवा, किंचित आंबट, मातीचा. वरून ओलं खोबरं. बस. हळद नाही, मसाला नाही, गोडा नाही, काही नाही. पहिल्या घासाला सपक वाटते. तिसऱ्या घासाला एकेक चव वेगळी लागायला लागते, भोपळ्याचा गोडवा वेगळा, सुरणाचा पिठूळपणा वेगळा, माठाच्या देठात भरलेला रस वेगळा.

अंबाडा विसरायचा नाही हे मी एकदा शिकले. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी, आई जवळ नव्हती, अळू मी दादरहून न आणता कुठूनतरी जवळून घेतलेला आणि अंबाडे मिळाले नाहीत म्हणून आंबट काहीच घातलं नाही. जेवायला बसल्यावर दुसऱ्याच घासाला सासऱ्यांनी पाण्याचा तांब्या उचलला, मग नवऱ्याने, मग सगळ्यांनी. घसा खवखवून डोळ्यांत पाणी. सासरे एक शब्द बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. अळूत आणि सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक कण असतात ते घशाला टोचतात, आणि चिंच, अंबाडा, चुका असं आंबट काही पडलं आणि नीट शिजलं की ते निवतं. हे मी नंतर वाचलं. आजीला हे नाव माहीत नव्हतं, पण अंबाडा का हवा ते माहीत होतं.

आजी लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत राहायची, म्हणजे आम्ही सगळेच, सात माणसं. परस कुठून असणार. तर तिने गॅलरीच्या कठड्याला डालड्याचे दोन डबे तारेने बांधले होते आणि त्यात अळू. मागच्या बाजूला मोरीचं पाणी जायचं तिथे अळू माजलेला असायचा, हवा तेवढा, फुकट, पण तो ती घ्यायची नाही, ऋषींच्या पानात गटारावरचा अळू नको. डब्यातली चार पानं भाद्रपदासाठी राखलेली असायची, श्रावणात आम्ही कितीही वड्या मागितल्या तरी त्यांना हात लावायचा नाही. मुंबईत येऊन तिला तीस वर्षं झाली होती तरी वर्षातून एक दिवस तिला परसातलंच खायचं होतं, तर तिने डब्यात परस केलं.

१९८२ ची पंचमी मला पुसट आठवते, मी सहा वर्षांची होते. बाबा गिरणीत, आणि १८ जानेवारीला सुरू झालेला संप भाद्रपदापर्यंत चालूच. त्या वर्षी बाजारातून वाटा आणायला पैसे नव्हते. आमच्या मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांची तीच गत. तर बायकांनी एकच मोठं पातेलं चढवायचं ठरवलं, कोणाकडे गावाहून आलेला सुरण होता, कोणाकडे भोपळ्याची फोड, आजीचा डब्यातला अळू, कोणीतरी दोन कणसं, आणि गॅलरीत स्टोव्ह ठेवून भाजी शिजली आणि प्रत्येक घरात वाटीवाटीने गेली. आई म्हणते तेव्हाइतकी चांगली भाजी परत कधी झाली नाही. मला चव आठवत नाही. मला फक्त गॅलरीतला तो स्टोव्हचा आवाज आणि ओळीने ठेवलेल्या वाट्या आठवतात, प्रत्येक वाटी वेगळी, कारण प्रत्येक घरची.

आता जे लिहायचंय ते लिहायला मला जड जातंय, पण ते टाळून या भाजीबद्दल लिहिलं तर अर्धंच होईल.

ऋषिपंचमीची कहाणी असते. आटपाट नगर होतं, तिथे एक ब्राह्मण होता, शेतीभाती करून सुखानं राहत होता. त्याच्या बायकोला विटाळ असताना तिने तो पाळला नाही, घरात सगळीकडे कालवला. त्या दोषाने पुढच्या जन्मी नवरा बैल झाला आणि ती कुत्री, आणि दोघं आपल्याच मुलाच्या घरी राहिली. एक दिवस मुलाच्या घरी श्राद्ध होतं. खीर केलेली, त्यात सापाने गरळ टाकलं, कुत्रीने ते पाहिलं. ब्राह्मण जेवले तर मरतील, मुलाला पाप लागेल, म्हणून तिने मुद्दाम सगळ्यांदेखत खिरीला तोंड लावलं. सुनेने जळतं लाकूड घेऊन तिच्या कमरेत घातलं. त्या रात्री कुत्री बैलाला सांगत होती, आज मला खायलाही मिळालं नाही आणि वर मार बसला, आणि बैल म्हणाला, मलाही दिवसभर उपाशी नांगराला जुंपलं. मुलाने ते ऐकलं, रानात ऋषींकडे गेला, आणि त्यांनी हे व्रत सांगितलं. म्हणून बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. तो बैल म्हणजे बाप.

१९८९ ला मी तेरा वर्षांची होते आणि ऋषिपंचमीच्या दिवशी पहाटे मला पाळी आली. दुसरी की तिसरीच असेल. दहा बाय बाराच्या खोलीत बाजूला बसायचं म्हणजे गॅलरीत, डालड्याच्या डब्यांशेजारी पाट टाकून. येणारा-जाणारा प्रत्येक जण बघत होता आणि प्रत्येकाला कळत होतं. आत दीड दिवसाच्या गणपतीच्या आरतीच्या टाळ्या, आणि मी बाहेर. आजी प्रेमळ होती, फार प्रेमळ होती, तिने माझं पान स्वतः आणलं आणि वरून, हात न लागेल असं, भाजी वाढली. आणि दाराच्या आत बसून, मला ऐकू येईल अशा आवाजात कहाणी वाचली.

मला त्या कुत्रीचं रडूच आलं. मी आजीला विचारलं की तिने तर सगळ्यांचे जीव वाचवले, मग तिलाच का मारलं? आजी काही बोलली नाही. पुस्तक मिटलं, त्याला कुंकू लावलं आणि आत गेली.

या कहाणीतला विटाळ मला मान्य नाही. तेव्हा कळत नव्हतं, आता कळतं, आणि मी मोठ्याने सांगते की मान्य नाही. बाईच्या शरीरात महिन्याला जे होतं त्याची क्षमा मागायला व्रत लागत नाही. माझ्या ओळखीतल्या काही जणींनी म्हणून पंचमी पूर्ण सोडली, पूजा नाही, भाजी नाही, आणि मला त्यांचं पटतं. पण मला भाजी सोडवत नाही. कारण त्याच कहाणीत तो उपाशी बैलही आहे. पाच दिवस आधी, श्रावणी अमावस्येला पोळा, तेव्हा त्याच्या शिंगांना रंग, गळ्यात माळ, त्याला पुरणपोळी. आणि मग पंचमीला एक दिवस त्याच्या कष्टाचं काहीच तोंडात घालायचं नाही, म्हणजे बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस आपण कोणाच्या जिवावर जेवतो हे ध्यानात येतं. एवढं मला ठेवायचंय. विटाळ काढून बैल ठेवता येतो का? यादीत बदल करायचा हक्क माझ्या आधीच्या बायकांनी घेतलाच की, मका घातला, मिरची घातली.

एकदा आईला विचारलं होतं, आता बैल कुठे राहिलेत, सगळीकडे ट्रॅक्टर, मग भात चालायला हरकत काय? ती शेंगा मोडत होती. म्हणाली, "ट्रॅक्टरवर बसलेला माणूस असतोच की. त्याच्या कष्टाचं नको म्हटलंस तर ही भाजीपण नाही खाता यायची." आणि पुढच्या शेंगेला हात घातला. मला सफाळ्याच्या मावशी आठवल्या, रात्री दोनला उठून डोक्यावर टोपली घेऊन स्टेशन गाठणाऱ्या.

गेल्या वर्षीची पंचमी. सकाळी साडेसात, गणपती संध्याकाळी जायचा होता म्हणून घाई होती, मी देव्हाऱ्यापाशी, आई जमिनीवर विळी घेऊन बसलेली, भोवती दोन्ही वाटे पसरलेले. लेक, चौदा वर्षांची, बाथरूममधून बाहेर आली आणि दारातच थांबली. माझ्याकडे बघितलं, मला कळलं. मी काही बोलायच्या आत तीच आजीला म्हणाली, "आजी, मला पिरियड आलेत." सरळ, साधं, पोट दुखतंय म्हणावं तसं.

आईचा हात थांबला. तिच्यासमोर अळूचा ढीग होता. मला गॅलरी आठवली आणि माझ्या पोटात खड्डा पडला, कारण आई काय म्हणेल हे मला खरंच माहीत नव्हतं, पस्तीस वर्षांपूर्वी ती त्याच खोलीत होती आणि ती तेव्हा काहीच बोलली नव्हती. तिने विळी पायाखालून काढली. उठायला तिला आता वेळ लागतो, एक हात जमिनीवर, एक गुडघ्यावर. बाजूला सरकली, विळीचं पातं दुसऱ्या दिशेला वळवलं आणि पाट लेकीकडे ढकलला.

"बस. तो मका तुझ्या आईला जमत नाही, नुसता चेंदामेंदा करते."

लेक बसली. एक पाय विळीवर नीट ठेवायला आईने तिचा घोटा धरून दाखवला. कणीस धरून तिने दाबलं, अडलं, परत दाबलं, आणि कट् करून पहिला तुकडा परातीत पडला. मग दुसरा. मी निरांजन हातात घेऊन तशीच उभी होते.

"आता अळू घे," आई म्हणाली. "थांब, आधी हाताला चिंच लाव. खाजेल."